फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिव्यानंतरची पन्नास वर्षे

विद्यार्थी मित्रांनो, रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुम्हाला माहीतच आहेत. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. पण दिवा घेऊन फिरण्याचे ते काम पुरती दोन वर्षेही चालले नाही. त्यानंतर त्या पन्नासहून जास्त वर्षे जगल्या, आणि त्यातली कितीतरी वर्षे दुखण्यात गेली. आज ती गोष्ट बघूया.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली एका श्रीमंत इंग्रज घरात झाला. १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेल्या. पुढच्या वर्षी क्रिमियात त्यांना जबर ताप आला. जीव वाचला, पण दुखणे पाठीशी लागले ते लागलेच. तो ब्रुसेलोसिस असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळी या आजाराचे कारणच माहीत नव्हते, मग औषध कुठले असणार!

१८५७ मध्ये त्या अगदी कोलमडल्या. पाठीचा कणा दुखायचा, छाती धडधडायची, दम लागायचा. १८६१ च्या अखेरीस चालणेही बंद झाले. पुढची काही वर्षे त्या बहुतेक अंथरुणावरच होत्या.

मग काम थांबले का? नाही. त्यांनी कामाची पद्धत बदलली. बैठकांना जाणे सोडले. एका वेळी एकच माणूस, तोही आधी वेळ ठरवून भेटायचा. बाकी सगळा कारभार पत्रांवर चालायचा. हाताशी असलेली थोडी ताकद त्यांनी लिहिण्यासाठी राखून ठेवली. १८५९ मध्ये त्यांचे शुश्रूषेवरचे पुस्तक निघाले. १८६० मध्ये त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली.

त्या भारतात कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या छावण्यांना प्रश्नावली पाठवून त्यांनी माहिती मिळवली. इथे वर्षाला दर हजारी ६९ गोरे सैनिक मरत होते, तेही लढाईपेक्षा रोगांनीच जास्त. स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची सोय हवी, हे त्यांनी आकड्यांनिशी सरकारला पटवले. १८७३ पर्यंत हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनीच मांडले.

एक बाजू मात्र लपवू नये. त्यांचे सहकारी मंत्री सिडनी हर्बर्ट स्वतः खूप आजारी होते, तरी फ्लॉरेन्स यांनी त्यांच्यामागे कामाचा तगादा सोडला नाही. १८६१ मध्ये ते वारले. स्वतः दुखणे सोसणाऱ्याला दुसऱ्याचे दुखणे कळतेच असे नाही.

१३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी फ्लॉरेन्स यांचे निधन झाले.

मुलांनो, दुखणे अंगावर काढणे म्हणजे शौर्य नव्हे. आपल्याला किती झेपते ते ओळखून कामाची घडी बसवणे, हे या चरित्रातून शिकावे. आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राचे दुखणे वरून दिसत नसले, तरी त्याला एकदा विचारून बघावे.