राघोबादादा आणि त्यांचे पाठीराखे

गोदावरीचें पाणी आपल्या पुणतांब्यास येण्यापूर्वीं कोपरगांवावरून वाहतें. त्या कोपरगांवीं राघोबादादांनीं आपले अखेरचे दिवस काढले. १७५८ सालीं ज्यांच्या मोहिमेंत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, तेच हे दादा.

थोरल्या बाजीरावांचे हे पुत्र १७३४ सालीं जन्मले. अंगीं शौर्य होतें, धीर नव्हता. पुतणे माधवराव यांच्याशीं वैर करून १७६८ सालीं धोडप येथें हरले व पुण्यास नजरकैदेंत पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं नारायणरावांस ठार केलें. दादा पेशवे झाले खरे. परंतु रामशास्त्र्यांनीं त्यांस दोषी ठरविलें, आणि सखारामबापू, नाना फडणीस प्रभृति मुत्सद्द्यांनीं त्यांस दूर सारून तान्ह्या सवाई माधवरावांच्या नांवें कारभार हातीं घेतला. हेंच बारभाईंचें कारस्थान. त्या काळच्या मानानें ही क्रांतीच होती.

मुंबईकर इंग्रजांस या शेजारच्या घडामोडीचें काय? नारायणरावांचें दुःख तर नव्हतेंच. ज्यांच्यावर खुनाचा ठपका, त्यांचाच पक्ष त्यांनीं घेतला. मुंबईच्या रक्षणास साष्टी व वसई हवी होती. साष्टींतील ठाणें त्यांनीं डिसेंबर १७७४ मध्येंच घेतलें. सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्यें. घर आधीं बळकावलें, खरेदीखत मागून! अडीच हजार फौजेच्या मोबदल्यांत दादांनीं साष्टी-वसई लिहून दिली व सहा लाखांचें जवाहीर तारण ठेवलें. कलकत्त्याच्या कौन्सिलास हें युद्ध पसंत नव्हतें. त्यानें १७७६ सालीं पुरंदरचा तह केला. पुढें १७७७ सालीं सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुण्यास आला. शेजारीं आपला वैरी ठाण मांडील, या भयानें कलकत्त्याचेंही मन पालटलें. युरोपांत १७९२ सालीं ऑस्ट्रिया व प्रशिया क्रांतिकारक फ्रान्सवर चालून गेले, तेव्हां त्यांच्याही फौजेबरोबर परागंदा राजबंधु होतेच.

जानेवारी १७७९ मध्यें वडगांवीं इंग्रजांनीं हार खाल्ली. अखेर १७८२ सालीं सालबाईचा तह झाला. इंग्रजांनीं साष्टी ठेवून घेतली, दादांस सोडून दिलें, आणि ज्या बालकाविरुद्ध सात वर्षें लढले त्यासच पेशवा मानिलें. दादांच्या वांट्यास दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक आली. डिसेंबर १७८३ मध्यें कोपरगांवीं ते वारले. त्यांचे पुत्र बाजीराव तेव्हां आठ वर्षांचे होते. १८०२ सालीं त्यांनींही वसईस इंग्रजांशीं तह केला.