केशवरावांचे खरे स्मारक

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती! १८९० साली जन्मलेला हा नट बालवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत शिरला आणि १९०८ साली, विशी गाठण्यापूर्वीच, हुबळीस ‘ललितकलादर्श’चा मालक झाला. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ते प्रतिस्पर्धी बालगंधर्वांसह ‘संयुक्त मानापमाना’त उभे राहिले, ऑक्टोबरात निवर्तले. वय अवघे एकतीस! परंतु मंडळी मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालविली. वास्तू पुन्हा उभारता येते. कष्टाळू नटास रंगभूमीवर ताठ मानेने पोट भरता यावे, हेच आम्ही केशवरावांचे खरे स्मारक मानतो.