जन्म लपवून जिंकलेला मल्ल

जपानच्या व्यावसायिक कुस्तीचा जनक कोण, असे कुणाही जाणत्या जपानी माणसाला विचारा. रिकिदोझान हे एकच नाव पुढे येईल. दुसऱ्या महायुद्धात होरपळून हरलेल्या जपानला ज्याने कुस्तीच्या रिंगणातून पुन्हा ताठ मानेने उभे केले, तो हा मल्ल. पण ज्याला सारा जपान आपला म्हणून डोक्यावर घेऊन नाचला, तो जन्माने जपानी नव्हताच. तो कोरियन होता. जपानी समाजात कोरियन माणसाची जागा कोणती होती, हे फुले-आंबेडकरी चळवळीच्या वाचकांना फोड करून सांगावे लागणार नाही. म्हणूनच या परक्या पैलवानाचे चरित्र आम्ही आज मांडत आहोत.

त्याचे मूळ नाव किम सिन-राक. १४ नोव्हेंबर १९२४ ही त्याची जन्मतारीख सांगितली जाते. जन्म आजच्या उत्तर कोरियातील दक्षिण हामग्योंग प्रांतातला. १९१० पासून कोरिया जपानच्या गुलामीत होता. कोरियन माणसांना जपानच्या खाणीत आणि कारखान्यांत राबवून घेतले जात होते. १९४० मध्ये तर त्यांच्यावर जपानी नावे लादण्याचे धोरणही आले. माणसाची भूमी घ्यायची, श्रम घ्यायचे आणि शेवटी त्याचे नावही घ्यायचे, ही जगभरच्या वर्चस्ववाद्यांची जुनी रीत आहे.

याच १९४० साली हा धिप्पाड मुलगा जपानमध्ये निशोनोसेकी तालमीतून सुमो कुस्तीत उतरला. रिकिदोझान हे त्याचे रिंगणातले नाव. पुढे जपानी मोमोता घराण्याचे नाव त्याला लागले आणि तो मोमोता मित्सुहिरो झाला. नागासाकीजवळचे ओमुरा हे त्याचे जन्मगाव असल्याचे जाहीर होऊ लागले. कोरियातले घर, आईबाप, भाषा सारे कागदावरून पुसले गेले. १९४९ मध्ये तो सेकिवाके या पदाला पोहोचला. त्याच्या वर आता दोनच पायऱ्या होत्या. पण १९५० मध्ये त्याने स्वतःच्या हाताने सुमो मल्लाची शेंडी कापली आणि तो बाहेर पडला. तालमीच्या प्रमुखाशी पैशावरून वाद झाला, असे एक कारण सांगतात. कोरियन म्हणून होणारा दुजाभाव हे दुसरे. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

२८ ऑक्टोबर १९५१ रोजी तो टोकियोत बॉबी ब्रन्स या अमेरिकन मल्लाविरुद्ध व्यावसायिक कुस्तीत उतरला. पुढच्या वर्षी हवाई आणि अमेरिकेत जाऊन तो हा धंदा शिकून आला आणि १९५३ मध्ये त्याने जपानमध्ये कुस्तीची स्वतंत्र संस्था उभारली. या कुस्तीचा निकाल बव्हंशी आधी ठरलेला असतो, हे आज सर्वांना माहीत आहे. पण पाहणाऱ्यांची भूक खरी होती. अमेरिकेचा लष्करी अंमल १९५२ मध्ये संपला होता, पराभवाची बोच मात्र कायम होती. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी रिकिदोझान आणि ज्युदोपटू किमुरा यांची जोडी शार्प बंधू या गोऱ्या मल्लांशी भिडली. टीव्ही घेणे सामान्यांच्या आवाक्यात नव्हते, म्हणून चौकाचौकांत लावलेल्या संचांसमोर अफाट गर्दी लोटली. तळहाताच्या फटक्यांनी उंचपुऱ्या गोऱ्यांना लोळवणारा रिकिदोझान एका रात्रीत राष्ट्रवीर झाला. दारा सिंग यांचा प्रतिस्पर्धी म्हणून आपल्याकडच्या जुन्या शौकिनांना आठवणारा किंगकाँग, त्यालाही त्याने १९५५ मध्ये हरवून आशियाई किताब मिळवला. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने लू थेझला नमवले. २४ मे १९६३ रोजी डिस्ट्रॉयर या मल्लाशी झालेली त्याची कुस्ती ६४ टक्के प्रेक्षकमानाने पाहिली गेली.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या १९५२ मध्ये जपान पुन्हा स्वतंत्र झाला, त्याच वर्षी तिथे राहणाऱ्या लाखो कोरियनांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यांना परके ठरवले गेले. त्यांच्यातल्या असंख्य लोकांनी नोकरीसाठी, घरासाठी जपानी नावे धारण केली. आणि या साऱ्या जपानचा मानबिंदू कोण, तर एक कोरियन! जवळच्या लोकांना हे ठाऊक होते, सामान्य प्रेक्षकाला नव्हते. जानेवारी १९६३ मध्ये तो दक्षिण कोरियात जाऊन आला, पण जपानी वृत्तपत्रांनी त्याची फारशी वाच्यता केली नाही. मायभूमीला जाणेसुद्धा चोरीचे ठरले.

रिकिदोझान संत नव्हता. दारू, संताप, मारामाऱ्या आणि गुंडांची संगत हे त्याच्या आयुष्यात होते. ८ डिसेंबर १९६३ रोजी टोकियोच्या एका नाइट क्लबमध्ये गुंडाने त्याच्या पोटात सुरा खुपसला. १५ डिसेंबरला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी या त्याच्या शिष्यांनी पुढे जपानी कुस्ती चालवली. त्याचे कोरियन असणे सर्वसामान्य जपानी जनतेला कळले ते मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

त्याच १९६३ साली इकडे बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. त्याला ती का लपवावी लागते, हे ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला आजही कळते. इथे खोली पाहायला गेलेल्या माणसाचे डिपॉझिट नंतर, आडनाव आधी विचारले जाते. मग कुणी आडनाव बदलतो, कुणी गावाचे नाव सांगून वेळ मारून नेतो, कुणी घरातली बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत हलवतो.

अशा बांधवाला भेकड म्हणून हिणवणे आम्हाला मान्य नाही. रिकिदोझानलाही आम्ही दोष देत नाही. लाज लपवणाऱ्याची नसून लपवायला लावणाऱ्या समाजाची आहे. पण त्याच्या आयुष्याने एक हिशेब मात्र चोख मांडला आहे. पैसा, कीर्ती, किताब सारे मिळाले, ते मोमोताला मिळाले; किम सिन-राकच्या वाट्याला काहीच आले नाही. आणि त्याच्या विजयाने जपानमधल्या एकाही कोरियनाचा अपमान कमी झाला नाही, कारण हा विजय आपल्या माणसाचा आहे हे त्यांना उघडपणे सांगताच आले नाही.

रिकिदोझान जपानभर गाजत होता, त्याच काळात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीने, भर दिवसा, उघडपणे धम्मदीक्षा घेतली. लपून सुटका शोधण्याचा मार्ग त्यांनी आपल्याला दिला नाही. शिकून मोठ्या पदावर गेलेल्या आपल्या मुलामुलींनी स्वतःच्या नावानिशी उभे राहावे, आणि त्यांना तसे उभे राहता यावे म्हणून वस्तीने, संघटनेने त्यांच्या पाठीशी राहावे. एकट्या माणसाला नाव लपवावे लागते. संघटित समाजावर ती वेळ येत नाही.