कविवर्य केशवसुत

विद्यार्थिमित्रहो, मधल्या सुटींत झाडाखालीं एकटाच बसणारा व खेळांत न मिसळणारा एखादा मुलगा बहुतेक वर्गांत असतो. मोहाडीसारख्या लहान गांवांत त्यास घुम्या किंवा विक्षिप्त हें नांव लवकर चिकटतें. असें नांव ठेवण्यापूर्वीं आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत यांचें चरित्र आठवावें, अशी आमची विनंती आहे.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मालगुंड येथें झाला. वडील शिक्षक, कुटुंब मोठें, मिळकत बेताची. शिक्षणासाठीं त्यांस गांवोगांव फिरावें लागलें. आपल्या शेजारच्या नागपुरांत त्यांचा व पुढें रेव्हरंड झालेल्या नारायण वामन टिळकांचा स्नेह जुळला. स्वभावानें ते अबोल, भिडस्त व मानी होते. पुण्यास शिकत असतां एका शिक्षकांनीं त्यांच्या उदास चेहऱ्यावरून त्यांस हिणविलें. तें शल्य 'दुर्मुखलेला' या कवितेंत उतरलें.

१८८९ सालीं मॅट्रिक झाल्यावर मुंबई, खानदेश व धारवाड येथें त्यांनीं बेताच्या पगारावर दिवस काढिले. मराठींत सुनीत त्यांनीं रुजविलें, 'तुतारी' लिहून जुन्या रूढींवर प्रहार केला. परंतु सभासंमेलनांपासून ते दूरच राहिले. त्यांचें छायाचित्रही आज उपलब्ध नाहीं. ७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळी येथें प्लेगनें त्यांचा अंत झाला. त्यांचा कवितासंग्रह हरि नारायण आपटे यांनीं त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध केला.

मग केशवसुतांस मनोविकार होता काय? दिवंगताची अशी परीक्षा करणें योग्य नव्हे. मानसशास्त्र मात्र एक महत्त्वाचा भेद सांगतें. कांहीं व्यक्तींस कोणाच्याच जवळिकीची ओढ नसते; कांहींस कारणावांचून सर्वांचा संशय येतो; कांहींचे विचार व वागणें फारच चमत्कारिक असतें. ही वृत्ति तारुण्यापासून घट्ट रुजून संसार, काम व नातीं यांच्या आड येऊं लागली, म्हणजे तीस व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. भिडस्त मनुष्याचें तसें नसतें. त्यास माणसें हवीं असतात. पाऊल मात्र पुढें पडत नाहीं. मित्रांचा स्नेह जपणाऱ्या व 'नैऋत्येकडील वाऱ्यास' या कवितेंत कोंकणच्या ओढीनें व्याकुळ होणाऱ्या केशवसुतांचें मन कोरडें होतें, असें कोण म्हणेल?

पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, अबोल मुलास चारचौघांत टोचून बोलूं नये. त्याची झोप, भूक वा अभ्यास ढासळला, किंवा तो विनाकारण सर्वांस वैरी समजूं लागला, तर लाज न धरितां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि मित्रहो, उद्यां त्या झाडाखालीं बसलेल्या सोबत्याजवळ तुम्ही थोडा वेळ बसा. तो लगेच बोलणार नाहीं. तरी पुन्हां बसा.