धर्मानंद कोसंबी : देशाटन आणि विद्याभ्यास

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. नियमित शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. एका मराठी बालमासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनात बौद्ध धर्माविषयी ओढ निर्माण झाली. मात्र मूळ पाली ग्रंथ परंपरेने शिकविणारी व्यवस्था त्या काळी स्वदेशात जवळजवळ नव्हती. त्यामुळे प्रवास हाच त्यांचा अभ्यासक्रम ठरला.

१८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर व काशी येथे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नेपाळच्या यात्रेने त्यांची निराशा केली. १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले. या भ्रमंतीत आत्मसात केलेल्या लिपी हीच त्यांची खरी पदवी होय.

तिचा प्रत्यय हार्वर्ड येथे आला. वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन पुरे करण्यासाठी १९१० मध्ये त्यांना तेथे पाचारण करण्यात आले. सिंहली व ब्रह्मी परंपरेची हस्तलिखिते ज्याला सारखीच परिचित आहेत, असा अभ्यासक या कार्यास हवा होता.

तथापि, कोसंबींचे महत्त्व केवळ व्यक्तिगत विद्वत्तेत नाही. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या मासिक ५० रुपयांच्या वेतनामुळे त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करता आले. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले व पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक घडविले. ज्या विद्येसाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला, ती पुण्याच्या विद्यार्थ्याला आता वर्गात बसून मिळू लागली.

या विद्येचे मोल मात्र कुटुंबाने दीर्घ विरहाच्या रूपाने चुकविले, याचा विसर चरित्रकाराला पडता कामा नये. १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेस जाताना कोसंबींनी कन्या माणिक व पुत्र दामोदर यांना सोबत नेले, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पित्याला जे घर सोडून मिळवावे लागले, ते मुलांना पित्यासमवेत मिळाले. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे धर्मानंदांचे निधन झाले. हार्वर्डची ‘विसुद्धिमग्ग’ची आवृत्ती त्यानंतर, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाली.