लोहाराच्या मुलाचे कडे

परतूरच्या शिवारात विहिरीवरची मोटार ड्राइव्हवर चालत असेल, तर जवळच्या रेडिओत खरखर येऊ शकते. तिचा माग काढण्यासाठी तंत्रज्ञ मोटारीच्या आर्थिंगच्या तारेभोवती एक कडे अडकवतात आणि ते ऑसिलोस्कोपला जोडतात. तार कापावी लागत नाही, सोलावीही लागत नाही. हे कडे ज्या तत्त्वावर चालते, ते मायकेल फॅरेडे यांनी शोधले.

फॅरेडे यांचा जन्म १७९१ चा, लंडनजवळच्या एका लोहाराच्या घरी. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून काढलेली टिपणे त्यांनी नीट बांधून डेव्हींनाच पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली.

१८२१ मध्ये त्यांनी पाऱ्यात टोक बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली; मोटारीचे ते पहिले रूप. पण खरी कमाल २९ ऑगस्ट १८३१ ची. लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी. एकात प्रवाह सोडताच दुसऱ्याला जोडलेली सुई हलली आणि लगेच जागेवर आली. प्रवाह तोडताना पुन्हा हलली, उलट दिशेने. प्रवाह एकसारखा वाहताना मात्र ढिम्म. दुसऱ्या कुणी त्या झटक्याकडे दुर्लक्षही केले असते. फॅरेडे यांनी ओळखले, की वीज जागवतो तो बदल.

ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा दाब चालू-बंद करतो. वाइंडिंग आणि मोटारीची बॉडी एकमेकींना टेकलेली नसली, तरी दोन्ही मिळून कपॅसिटरसारखे वागतात (त्याचे एकक फॅरडही त्यांच्याच नावाचे). प्रत्येक झटक्यासरशी थोडा प्रवाह बॉडीतून आर्थिंगमध्ये उतरतो. हा झपाट्याचा बदल कड्याला सापडतो. पन्नास हर्ट्झसाठीचा साधा क्लॅम्प मीटर तो बहुधा चुकवतो.

खरखर थांबावी म्हणून आर्थिंग काढणे जिवावर बेतू शकते. इन्सुलेशन फुटले तर बॉडीत वीज उतरते आणि ओल्या बांधावर उभ्या माणसाला धक्का बसतो. शील्ड असलेली केबल किंवा फिल्टर हा त्यावरचा मार्ग.

१८४० च्या सुमारास फॅरेडे यांना डोकेदुखी, चक्कर आणि विस्मरणाने गाठले. काही काळ काम सोडावे लागले. प्रयोगांच्या नोंदींना ते क्रमांक देत. १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम त्यांनी दाखवला तो त्यानंतर. सर हा किताब त्यांनी नाकारला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी त्यांचे निधन झाले.