लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ती; मुलाचे चित्त मात्र रंगांत आणि यंत्रांत रमे. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नसत. चित्रकार होण्याची आशा सुटली. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवूही लागले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावी आले. तेथे बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि अखेर लोखंडी नांगर हाती घेतला.

लोखंडाचे ओतकाम दिसते तितके सोपे नाही. तूप मंद निवले, तर ते चांगले रवाळ होते. एकदम थंड झाले, तर रवे बारीकच राहतात. धातूचेही तसेच आहे. रस साच्यात ओतला, की साच्याच्या थंड भिंतीपाशी इवले इवले रवे धरू लागतात, वाढतात, आणि एकमेकांस भिडले, की थांबतात. बीड सावकाश निवले, तर त्यातील कार्बन पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. असे बीड मोडले, तर आतून करडे दिसते. तेच झटकन निवले, तर पांढरे व अतिशय कठीण होते, पण ठिसूळही होते. मऊ फाळ खडकाळ रानात झिजतो. ठिसूळ फाळ दगडावर तुटतो. आज लेसरच्या झोताने धातूची पूड थरावर थर वितळवून यंत्रांचे भाग घडवितात, आणि त्यात रवे कसे व कोणत्या दिशेने वाढतील, याचे गणित संगणक आधीच मांडून दाखवितो. त्या काळच्या भट्टीवर असे साधन कोठून असणार? तुकडा मोडावा, त्याचा रंग व रवा पाहावा, आणि पुन्हा रस ओतावा, हीच तेव्हाची रीत.

नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्यांना हसणे सोपे आहे. पण ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून, त्याने नव्या वस्तूस भ्यावे, यात नवल ते काय?

इतक्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळजमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. माळावर निवडुंग माजलेले, आणि त्यात नागांची वस्ती! १९१० मध्ये तेथे कारखाना उभा राहिला, त्याच्या भोवती वसाहत वसली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि लोखंड मिळेनासे झाले. भट्टी विझते की काय, अशी वेळ आली. त्या प्रसंगी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. तोफेचा रस झाला, की तिचे जुने रवे पुरते विरून जातात. साच्यात नव्याने धरतात, ते नांगराचे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. कुंडल रोड हे स्थानकाचे जुने नाव आता मागे पडले आहे. त्या स्थानकाला आज किर्लोस्करवाडी म्हणतात.